पावती ४११७

कुडणेकर सरांचा पाली कोश
सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या पेटीत होता.
काकींनी ती पायानेच माझ्याकडे सरकवली,
म्हणाल्या, "व्हर गो. हांगां वाळवी लागतली."

एकेक शब्द एकेका जुन्या पावतीच्या पाठीवर.
पुढून खाणीचं नाव, ट्रकचा नंबर, टन,
सुटल्याची वेळ, सारमानसच्या धक्क्यावर पोचल्याची वेळ.
डिचोलीच्या त्या ऑफिसात एकतीस वर्षं
सर एवढंच लिहीत होते, कोण गेला, कोण आला.
खाण बंद पडली तेव्हा गठ्ठे घरी घेऊन आले,
"एक बाजू अजून कुणी वापरलेली नाही," म्हणत.

४११७ वर 'एति'.
खाली दोन अर्थ, एकाच ओळीत:
जातो. येतो.

मला वाटलं, हात चुकला.
मोतीबिंदू होताच, आणि वीज तर रोज संध्याकाळी जायची.
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करायला गेले,
तर तिथे त्यांचंच अक्षर, फिकट: चूक नाही.
सर असेच.
वाचणारा कुठे अडखळेल ते त्यांना आधीच ठाऊक,
आणि तिथे ते नुसते उभे राहत,
हात देत नसत.

संस्कृतात हे दोघे वेगळे राहायचे.
एति तो जातो, ऐति तो येतो,
मध्ये एक 'आ',
उंबऱ्याएवढा.
पाली बोलणाऱ्यांच्या तोंडात ऐ टिकला नाही.
उंबरा झिजून जमिनीला लागला,
जाणारा नि येणारा एकाच चौकटीत,
कोण कुठला ते पावलांच्या रोखावरून ओळखायचं.
मराठीनं त्यातला येणारा तेवढा ठेवून घेतला.
जाण्यासाठी मात्र तिला दोन धातू लागले,
'जातो' एकाचा, 'गेला' दुसऱ्याचा,
जणू एकट्यादुकट्याला झेपणारं ते काम नव्हे.

बाकीचं गणगोत पुढच्या पावत्यांवर.
वर गेला तर उदय. ओलांडून गेला तर अतीत.
४१३० वर 'पेत': पुढे गेलेला, आपलं प्रेत.
एवढंच. उदाहरण नाही.
इतर प्रत्येक शब्दाला सरांनी उदाहरण दिलंय,
भाताचं, बैलाचं, डिचोलीच्या बाजाराचं.
पावती उलटली:
ट्रक सुटला सकाळी सात चाळीसला.
पोचल्याची वेळ कोरी.

शेवटचं भेटले तेव्हा लामगावच्या गुंफांवरून येत होते,
चपलांना लाल चिखल, तो काकींच्या नव्या फरशीवर.
सर खाटेवर, नाकात नळी, उशाशी पट्टी आणि खोडरबर.
तासभर बोललो. ते कमी, मी जास्त.
वाचनालयाच्या माडीवरचा बुधवारचा वर्ग,
तिघेच असायचो, त्यातला भिकू आता वास्कोला बदलून गेला.
निघताना म्हटलं, "सर, येते."

आमच्यात दारात उभं राहून 'वतां' म्हणत नाहीत.
म्हणणाऱ्याला आई परत आत बोलवायची,
पाटावर बसवायची, पाणी प्यायला लावायची,
आणि 'येतां' म्हटल्यावरच सोडायची.
बाबा बोटीवर जाताना घाईत होते,
ते काही बसले नाहीत.

सर म्हणाले, "पालीत सांग."
मी रूपं आठवत राहिले.
उत्तमपुरुष, एकवचन.
"एमि."
"म्हणजे?"
"येते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
वहीत अर्धा गुण कापताना
पाहायचे, तसं.